दसऱ्याचा ताप

डॉक्टरांनी नवऱ्याचं निम्म्याहून जास्त पोट कापून काढलं, आणि स्वयंपाक किती करायचा तेच मला कळेना. लग्नापासून मी त्या पोटाच्या अंदाजाने कणीक मळत आले होते. माणूस शाळेत पी.टी. शिकवणारा, घराणं फौजी, आणि वर हे आमचं ग्वाल्हेर, जिथे सकाळी सकाळी चार कचोऱ्या खाऊन लोक म्हणतात, अजून नाश्ता व्हायचा आहे. रविवारी नया बाज़ारातून फिरून आले की मला म्हणायचे, "काही खाल्लं नाही गं, फक्त चव बघितली." आता त्याच माणसासमोर मी वाटीभर मऊ भात आणि मेतकूट ठेवायचे, आणि अर्धी वाटी संपवून ते म्हणायचे, "बस. आता दोन तासांनी बघू."

मीही त्याच शाळेत होते, हिंदी शिकवायचे. मराठी बाई हिंदीवाल्यांना हिंदी शिकवते, यावर शाळेत पुष्कळ थट्टा झाली, पण माझ्या वर्गात कोणी चूं केलं नाही. माझा आवाज चढा आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुण्याचे नातेवाईक म्हणतात की ग्वाल्हेरच्या बायका मराठीत भांडायला सुरुवात करतात आणि मध्येच हिंदीत शिरतात. शिरतो. जी भाषा हाताशी असेल तिच्यात भांडावं.

आमचे लोक दख्खनेतून पोथ्या घेऊन आले आणि ह्यांचे तलवारी घेऊन. दोन्ही घरं ग्वाल्हेरच्या लश्कर भागातच, हाकेच्या अंतरावर, पण पिढ्यान्‌पिढ्या ओळख रस्त्यात नमस्कार करण्यापुरती. मी भिक्षुकाची मुलगी, ह्यांच्या घरी दसऱ्याला बोकड. आम्ही लग्न केलं तेव्हा दोन्हीकडचे लोक काही काळ बोलेनासे झाले. मग मुलगी झाली आणि तिला बघायच्या निमित्ताने सगळे बोलायला लागले. ही मुलगी आता गावातच, सिटी सेंटर भागात राहते, नोकरी करते, आणि बापाचा आजार कळल्यापासून ती फोनवर नाही असा क्षण मी बघितला नाही.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. इथल्या डॉक्टरांनी केमो सांगितली. त्याच आठवड्यात मुलगी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, तू टेन्शन मत ले ना. मी सगळं बघून घेतलं आहे. दिल्लीत नव्या उपचाराची एक ट्रायल चालू आहे. केमो इथेच घ्यायची, पर साथ में बाबांच्याच रक्तातल्या पेशी वाढवून बाबांना देतात." मी म्हटलं, आधी पाणी पी, मग पूर्ण वाक्य बोल.

दिल्लीच्या डॉक्टरीणबाई मुलीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. दिसणारी गाठ गेली, पण न दिसणारं काहीतरी मागे राहिलेलं असू शकतं. केमो त्याच्यावर घाव घालते. पण केमोला आपलं-परकं कळत नाही, ती शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही मारते. म्हणून केमो सुरू व्हायच्या आधीच ह्यांच्या रक्तातून त्या पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत दोन आठवडे वाढवायच्या, कॅन्सरवर तुटून पडतील अशा तयार करायच्या, आणि केमोचा एक फेरा होऊन औषधाचा जोर उतरला की परत अंगात सोडायच्या.

मी विचारलं, "एका हाताने मारायचं आणि दुसऱ्या हाताने भरायचं, हा काय प्रकार आहे?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. वेळ साधली तर दोन्ही मिळून जास्त काम करतील, असं आम्हाला वाटतं. खात्री अजून कोणालाच नाही. खात्री असती तर ट्रायल कशाला केली असती?" मला ती बाई आवडली. जरा जरी गोड बोलली असती तरी मी ह्यांना हाताला धरून उठवलं असतं.

हे मात्र खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे आमच्या आबांसारखं झालं," म्हणाले.

आबा म्हणजे माझे सासरे. मला ते रस्त्यातले पुसटच आठवतात, हे मॅट्रिकला असतानाच ते गेले. आबा संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, तेव्हा ती फौज हिंदुस्तानच्या फौजेत घ्यायचं ठरलं. सरसकट नाही. सगळ्यांना मैदानात उभं करून तपासलं, थकलेल्यांना घरी पाठवलं, आणि निवडलेल्यांना लांब कुठेतरी नेऊन नव्याने शिकवलं, नवा बिल्ला लावला आणि परत उभं केलं. माणसं तीच, हुकूम नवा. आबा हे सांगताना कधी छाती फुगवायचे आणि कधी डोळे पुसायचे, म्हणे. हे सगळं ह्यांनी डॉक्टरीणबाईंना हिंदीत इतकं रंगवून सांगितलं की बाहेर बसलेले पेशंट खोळंबले. आणि शेवटी काय म्हणावं माणसाने? "फक्त एक बघा, डॉक्टर. आमचा मध्य भारत आठच वर्षं टिकला, मग तोडून जोडून मध्य प्रदेशात घातला. तुम्ही मला जरा जास्त टिकवा."

मी ह्यांना कोपर मारलं. त्या बाई मात्र या वेळी हसल्या.

रक्त काढायला ह्यांना अर्धा दिवस आडवं ठेवलं होतं. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, यंत्र हव्या त्या पेशी वेगळ्या काढून घ्यायचं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. दोन्ही हात अडकलेले, म्हणून नाक मी खाजवून द्यायचे. "जरा डावीकडे," म्हणायचे, "तुला चाळीस वर्षांत डावं-उजवं कळलं नाही." आजूबाजूच्या नर्सेस खिदळायच्या. मी वरवर चिडायचे. आतून बरं वाटायचं, की थट्टा करतो आहे तोवर हा माणूस आपला आहे.

मग ग्वाल्हेरला येऊन केमोचा पहिला फेरा. त्या औषधाची एक विचित्र खोड होती. गार वस्तूला हात लागला की बोटांत मुंग्यांची वीज चमकायची. स्टीलचा पेला, दाराची कडी, नळाचं पाणी, सगळ्याला हे घाबरायला लागले. मी जुन्या बनियनच्या पट्ट्या कापल्या. पेल्याला पट्टी, कडीला पट्टी, संडासाच्या नळाला पट्टी. पाणी कोमट करून थर्मासमध्ये. सगळ्या घराला मलमपट्टी केल्यासारखं दिसायचं. तोंडाला चव नव्हती, जे खातील ते लोखंडासारखं लागायचं. तरी प्रत्येक वाटीला विचारायचे, "आज काय आहे?" आणि मी "भात" म्हटलं की "वा" म्हणायचे.

डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी अगदी खाली जातील. तेव्हा बाहेरचं माणूस नको, कच्चं काही नको, आणि जो कोणी जवळ जाईल त्याने हात कोपरापर्यंत धुवायचे. मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या माहेरी सोवळं इतकं कडक होतं की आजीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला आम्ही पोरं घाबरायचो. ते सगळं सोडून मी ह्यांच्या घरात आले, बोकडाचा रस्सा करायला शिकले, आणि म्हातारपणी तेच सोवळं पुन्हा मांडलं. बाहेरचे कपडे बाहेर. ह्यांची भांडी वेगळी, उकळून. मुलगीसुद्धा दारातून बोलायची. हे पलंगावर पडल्या पडल्या म्हणायचे, "शेवटी भटजींच्या मुलीने फौजेवर कब्जा केलाच." मी म्हणायचे, गप पडा. वाटी ठेवायची, पांघरूण सारखं करायचं, बाहेर येऊन परत हात धुवायचे. दिवसभर तेच.

आणि नेमका त्या आठवड्यात दसरा आला.

आमच्याकडचा दसरा बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. संध्याकाळी शमीची पूजा झाली की लोक पानं घेऊन निघतात. त्या दिवशी ती पानं म्हणजे सोनं. मोठ्यांच्या हातात सोनं ठेवायचं, पाया पडायचं, बरोबरीच्याला मिठी मारायची. आमच्या गल्लीत फौजी घराण्यांची वस्ती, त्यात वयाने आता हेच सगळ्यांत मोठे, शिवाय अर्धी गल्ली ह्यांच्या शिट्टीवर धावलेली. म्हणून पहिलं सोनं आमच्या दारात यायचं आणि मग लोक पुढे जायचे. मी आठ दिवस आधीच सगळ्यांना फोन करून सांगितलं की यंदा कोणी येऊ नका, ह्यांना परवानगी नाही. लोक समजूतदार. "भाभीजी, आप चिंता न करें," म्हणाले. तोरण लावायला मुलगी यायची, तिलाही मी नको म्हटलं. दार बंद, खिडक्या बंद. नैवेद्याला पुरणाची एक पोळी, तीही ह्यांना घासभर मिळावी म्हणून.

संध्याकाळी मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर घरात माणसांचा आवाज. आधी वाटलं, टीव्ही. मग ओल्या केसांनी पुढच्या खोलीत आले आणि जागच्या जागी थिजले. दार सताड उघडं. उंबऱ्यापलीकडे ओट्यावर खुर्ची. खुर्चीत हे. अंगात लग्नातला कोट, जो आता हँगरवर टांगल्यासारखा लोंबत होता, आणि डोक्यावर आबांचा फेटा. समोर अख्खी गल्ली. एकेक जण येत होता, हातात सोनं ठेवत होता, वाकत होता, आणि हे प्रत्येकाला ओढून छातीशी लावत होते. मांडीवर पानांचा ढीग. मागाहून कळलं की मी न्हाणीघरात शिरल्याबरोबर ह्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला होता. "काय रे, माझ्या घरी यायला काय झालं? मी बसलो आहे," एवढंच म्हणाले होते.

माझं डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही. पण इतक्या लोकांसमोर काय बोलणार? एका मुलाने माझ्याही हातात सोनं ठेवलं, मी "सुखी राहा" म्हटलं. शेवटचा माणूस गेला, मी दार लावलं, आणि मग सुरू झाले. मराठीत सुरू झाले, दोन मिनिटांत हिंदीत गेले. "आपको मरने का इतना शौक है तो मुझे पहले बता देते. मी का इतके दिवस भांडी उकळून राहिले आहे?" बरंच बोलले. सगळं लिहिण्यासारखं नाही.

ह्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दसऱ्याला कुठलं दार बंद असतं, सांग."

मला उत्तर माहीत होतं. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं, ते घर सण करत नाही. त्या दाराला तोरण नसतं, आणि लोक सोनं हातात घेऊन, मान खाली घालून त्या दारावरून पुढे जातात.

"मी आत जिवंत बसलेला," हे म्हणाले, "आणि लोक माझ्या दारावरून तसे पुढे गेलेले मला ऐकू येणार. ते मला जमलं नसतं गं."

मी थर्मास आणला. ह्यांचे हात कोमट पाण्याने आणि साबणाने धुतले, कोट काढला, पुरणपोळीचा घास भरवला. घास ह्यांनी डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाले, गोड लागला. त्या औषधापासून पहिल्यांदाच काहीतरी गोड लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंग तापलं.

इथल्या डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, पाहुण्यांमुळेच ताप आला असं म्हणता येणार नाही, या दिवसांत स्वतःच्या आतड्यातल्या जंतूंनीही येतो. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही तरी ह्यांची बाजू घेऊ नका.

खरी गोची पुढे होती. दिल्लीला पेशी तयार झाल्या होत्या. मुलीने फोन स्पीकरवर लावला आणि डॉक्टरीणबाईंनी सगळं स्पष्ट सांगितलं. ताप असताना पेशी देता येत नाहीत. आणि एकदा तयार झालेल्या पेशी ठेवून देता येत नाहीत, शनिवारी संध्याकाळपर्यंत दिल्या तर दिल्या, नाहीतर टाकून द्याव्या लागतील. पहिलाच डोस चुकला तर ट्रायलच्या नियमाप्रमाणे ह्यांचं नाव कमी होईल. मग नुसती केमो. त्यांचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता, पण शेवटी म्हणाल्या, "घेऊन या त्यांना. ताप उतरला तर मी खाली येऊन स्वतः देईन."

शुक्रवारी ताप उतरत आला आणि पांढऱ्या पेशीही वर यायला लागल्या. संध्याकाळी पुन्हा थोडा चढला. डॉक्टर म्हणाले, जाऊ शकता, तिथे हॉस्पिटलमध्येच उतरणार आहात. शनिवारी सकाळी पडाव चौकातल्या गर्दीतून गाडी काढून आम्ही स्टेशन गाठलं. ह्यांना मफलर, मास्क, कानटोपी. आगगाडीत हे सगळा वेळ खिडकीला डोकं टेकून होते. मी कपाळाला हात लावून बघायचे आणि मुलगी मला रागवायची, "आई, बार-बार हात नको लावू, थर्मामीटर आहे ना." आग्रा गेलं, मथुरा गेलं. माझ्या मनात एकच चाललं होतं, की तिकडे एका पिशवीत ह्यांचंच काहीतरी वाट बघत आहे आणि आपण पोचतो आहोत की नाही.

हॉस्पिटलमध्ये खोली मिळाली. नर्स दर तासाला ताप बघून जायची. ताप होता, पण नावाला. "निन्यानवे के ऊपर है," ती म्हणायची आणि चेहरा कोरा ठेवून निघून जायची. डॉक्टरीणबाई एकदा डोकावल्या. म्हणाल्या, औषध न देता उतरला पाहिजे, म्हणजे कळेल की आत संसर्ग नाही. संध्याकाळपर्यंत थांबू.

त्या गेल्यावर हे हळूच म्हणाले, "तुझ्या पर्समध्ये तापाची गोळी असते ना?"

"असते."

"दे एक. तासाभरात उतरेल. कोणाला कळणार नाही."

 या माणसाने एकदा शाळेच्या शर्यतीत शिट्टीच्या आधी पळाला म्हणून मुख्याध्यापकांच्या मुलाला मैदानाबाहेर काढलं होतं. "तुम्ही कॉपी करणार?" मी म्हटलं. थट्टेने म्हणायला गेले, आवाज मात्र फाटला.

"एवढं एकदा," ते म्हणाले. "मीच घोळ घातला, मलाच निस्तरू दे."

खोटं कशाला बोलू, माझा हात पर्सच्या चेनवर गेला होता. एक गोळी. मग सगळं सुरळीत. पण आत खरंच काही शिजत असेल आणि वरून ती फौज आत सोडली, तर? डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्या दिवशी खोटं सांगितलं नव्हतं. मी उठले, पर्स बाहेर जाऊन मुलीच्या हातात दिली आणि म्हटलं, संध्याकाळपर्यंत ही मला देऊ नकोस, मी मागितली तरी देऊ नकोस. तिने ती खांद्याला अडकवली. परत आले तेव्हा हे छताकडे बघत होते. "कडक आहेस," म्हणाले. मी म्हटलं, होय.

चार वाजून गेले असतील. ह्यांच्या कपाळावर घाम दिसला. मानेवरही. मी नर्सला बोलवायला धावले, पायात चपला नव्हत्या. तिने ताप बघितला, पुन्हा बघितला, आणि या वेळी चेहरा कोरा ठेवणं तिला जमलं नाही. थोड्या वेळाने परत बघितला, तोच. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी छाती तपासली, ह्यांना जीभ बाहेर काढायला लावली, सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट फोनवर मागवून घेतला. मग म्हणाल्या, "चला. देऊ या."

पिशवी एवढीशी होती. मला वाटलं होतं, इतकं रामायण झालं म्हणजे काहीतरी मोठं असेल. आत पांढुरकं, तांदळाच्या धुवणासारखं पाणी. डॉक्टरीणबाईंनी पिशवी दोन्ही हातांनी हळूच खालीवर केली, ह्यांचं नाव वाचून खात्री केली आणि लावली. मुलगी काचेपलीकडून बघत होती. तिला मी तेवढ्यात रडताना पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लोक मला तेच विचारतात. त्यानंतर आम्ही पुष्कळ वेळा दिल्लीला गेलो. केमो पुरी झाली, पेशींचे सगळे डोस झाले. काही वर्षं गाठ परत आली नाही. चांगली वर्षं होती ती. मग आली आणि ह्यांना घेऊन गेली. त्या वर्षांसाठी केमोचे आभार मानायचे की पेशींचे, की ऑपरेशन करणाऱ्याचे, असं मी एकदा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एका माणसावरून ते सांगता येत नाही. तेव्हाही मला त्यांचा राग आला नाही. पण मला सांगायची आहे ती त्या शनिवारची खोली.

थेंब पडायला लागले तसे हे थोडे थरथरले. नर्सने अजून एक पांघरूण घातलं आणि ती बाहेर गेली. आम्ही दोघंच. मी नेहमीसारखी उठले, कोपऱ्यातल्या नळाकडे जायला.

"बैस ना जरा," हे म्हणाले.

"हात धुऊन येते."

"आत्ताच धुतलेस. बैस."

मी खुर्ची ओढून बसले. ह्यांनी सुई नसलेला हात पांघरुणातून काढला आणि माझं मनगट धरलं. अंगठ्याने मनगटावर नुसतंच चोळत राहिले.

"आबा गेले ना," म्हणाले, "तेव्हा आईच्या बांगड्या माझ्यासमोर फोडल्या. मला वाटतं, त्या बायका घाईत होत्या. एक काच तिच्या हातात घुसली. ती रडली नाही, मला म्हणाली, बाहेर जा. मग पुढे कायम तिचे हात असेच होते."

मी माझ्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत नीट धुता यावं म्हणून केमो सुरू झाली तेव्हा मी काचेच्या बांगड्या काढून कपाटात ठेवल्या होत्या. काढताना त्याचा तसा अर्थ होतो हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बांगड्यांत साबण अडकतो, म्हणून काढल्या. भिक्षुकाच्या घरातून पळून लग्न केलेली बाई मी, मला बांगड्यांचं काय?

"रोज वाटी घेऊन यायचीस," हे म्हणाले, "आणि मला आधी तुझे मोकळे हात दिसायचे. मला वाटायचं, हिने तयारी सुरू केली. मला माहीत आहे, तसं नव्हतं. तरी वाटायचं. दार मी माझ्यासाठी उघडलं असं तुला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मला गल्लीला दाखवायचं होतं की तुझा नवरा आहे."

मी दुसऱ्या हाताने ह्यांचा हात झाकला.  म्हटलं, "मग मला सांगायचं ना. एका शब्दाने सांगायचं. मी त्या क्षणी घातल्या असत्या."

"केव्हा सांगणार?" हे म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, थकलेलं हसू होतं. "वाटी ठेवायचीस आणि हात धुवायला निघून जायचीस. केमो सुरू झाल्यापासून तू माझ्याजवळ बसलीच नाहीस गं."

मी ह्यांच्या पांघरुणावर डोकं टेकलं आणि रडले. ऑपरेशनच्या दिवशी रडले नव्हते, ताप आला तेव्हा रडले नव्हते. ह्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला. वर पिशवीतले थेंब पडत होते, मी ते बघितलेही नाहीत.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. नर्स म्हणाली, "माताजी, अब आप बाहर बैठिए, मरीज को आराम करने दीजिए."

मी उठले नाही.